पायांवरची जाळी, मेंदूतल्या पोकळ्या

सकाळी उठला तेव्हा त्याला एकाची दोन माणसं दिसत होती. वय 21. आरशात पाहिलं तर डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली. दात घासताना उजव्या हातातून ब्रश दोनदा निसटला, तेव्हा कुठे त्याने आईला हाक मारली. आमच्याकडे पोहोचेपर्यंत दहा वाजले होते. रात्री साडेअकराला झोपला तेव्हा सगळं ठीक होतं, म्हणजे नक्की केव्हा बिघडलं हे सांगायला कोणी नाही.

तपासताना जागा लगेच कळली. डावी पापणी मिटलेली, डावं बुबुळ बाहेर आणि खाली वळलेलं, बाहुली उजवीपेक्षा मोठी. उजवा हात आणि उजवा पाय किंचित ढिले. डोळा ज्या बाजूचा गेला त्याच्या उलट बाजूचा हात-पाय गेला, की बिघाड मेंदूच्या देठात वरच्या टोकाला, मिडब्रेनमध्ये असतो. तिथे डोळा उचलणारी तिसरी नस आणि हातापायांकडे जाणारे तंतू जेमतेम काही मिलिमीटरच्या अंतराने शेजारी असतात. विद्यार्थ्यांना शिकवायला फार आवडतं असं हे लक्षण. जागा ओळखली की कारणही ओळखल्यासारखं वाटतं, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली असावी.

सीटी स्कॅन स्वच्छ होता. एमआरआयमध्ये डाव्या मिडब्रेनमध्ये 8 मिलिमीटरचा ताजा ठिपका दिसला. फ्लेअर नावाच्या सीक्वेन्समध्येही तो उजळ दिसत होता. झोपेत झालेल्या स्ट्रोकमध्ये ही खूण वेळ सांगते: ठिपका तिथेही उजळला असेल तर साडेचार तास बहुधा उलटून गेले आहेत. त्यामुळे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं नाही. तेव्हा हळहळ वाटली होती. पुढचं कळल्यावर त्या हळहळीचं काय करावं हेच कळेना.

मान आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या एमआर अँजिओग्राफीत सुरेख दिसत होत्या. कुठे अरुंदपणा नाही, भिंत फाटल्याची खूण नाही. रिपोर्टच्या पहिल्या तीन ओळी ताज्या ठिपक्यावर होत्या. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: "उजव्या थॅलॅमसमध्ये व पॉन्समध्ये प्रत्येकी एक जुनी छोटी पोकळी." आणि पाचवीत: "उजव्या बेसल गँग्लियामध्ये एक सूक्ष्म रक्तस्रावाची खूण." थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया हे मेंदूचे खोल भाग, पॉन्स देठाचा मधला भाग, आणि अशी पोकळी म्हणजे बहुधा जुन्या छोट्या स्ट्रोकची खूण. रिपोर्ट मी वाचला होता. पण पहिल्या तीन ओळी वाचून मन ठरलेलं असलं की चौथी-पाचवी नुसती नजरेखालून जाते.

हृदयातलं भोक

तरुण वयातला स्ट्रोक दुर्मीळ नाही. शंभरांतले साधारण दहा ते पंधरा स्ट्रोक पन्नाशीच्या आत होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची कारणंही नेहमीचीच असतात: मानेतली रोहिणी आतून फाटणं, हृदयातून सुटलेली गुठळी, रक्त गोठण्याचा दोष, तंबाखू, अंमली पदार्थ, आणि हल्ली कमी वयातच गाठणारे रक्तदाब व मधुमेह. त्या क्रमानेच तपासण्या लावल्या. दोन्ही हातांत रक्तदाब मोजला, सगळ्या नाड्या चाचपल्या, कारण मोठ्या रोहिण्यांचा दाह नाडीवरच पकडला जातो. मुलगा ना सिगारेट ओढणारा, ना काही घेणारा. लघवीची तपासणीही तेच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बुडबुड्यांची इको झाली आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात लहानसं भोक सापडलं. वॉर्डातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारण सापडलं! आईच्या पोटात असताना प्रत्येकाला हे भोक असतं. जन्मानंतर ते मिटतं. दर चार माणसांत एकाचं नीट मिटत नाही, आणि क्वचित त्यातून पायातली गुठळी मेंदूत जाते. स्ट्रोक या भोकामुळेच झाला असण्याची शक्यता मोजायला रोप नावाची गुणपद्धत आहे. आमच्या रेसिडेंटने हिशेब मांडला: दहापैकी नऊ. इतक्या गुणांना भोकाचा वाटा 88 टक्के धरतात. हृदयविभागाने भोक बुजवण्यासाठी दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

हा हिशेब मी नंतर शांतपणे पुन्हा मांडला. नऊपैकी पाच गुण निव्वळ तिशीच्या आतल्या वयाचे होते. बाकीचे रक्तदाब नाही, मधुमेह नाही, सिगारेट नाही, पूर्वी स्ट्रोक नाही, यांचे. "पूर्वी स्ट्रोक नाही" हा गुण आम्ही आईला विचारून दिला. एमआरआयमधल्या त्या दोन जुन्या पोकळ्यांना कोणी विचारलंच नाही. शिवाय ही पद्धत दुसरं कोणतंही कारण सापडलं नाही असं ठरल्यानंतर वापरायची असते. आम्ही ती शोधाच्या मध्यावरच वापरली. दहावा गुण मेंदूच्या सालीजवळच्या इन्फार्क्टसाठी, म्हणजे रक्ताअभावी मेलेल्या भागासाठी, असतो, आणि नेमका तोच इथे नव्हता. गुठळी हृदयातून उडाली तर ती सहसा रुंद वाटेने जाते, सालीकडे जाते. खोल, देठातली, केसासारखी बारीक फांदी ती एकदा गाठेल, पण तीन-तीन वेळा?

त्या दिवसांत त्याला ताप होता, 38.2 पर्यंत. शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं सीआरपी 64. छातीत थोडी खरखर वाटली म्हणून घास श्वासनलिकेत गेला असेल असं धरून अँटिबायोटिक सुरू केलं. ताप आणि स्ट्रोक एकत्र दिसले की हृदयाच्या झडपेवरचा जंतुसंसर्ग आधी बाद करावा लागतो. तो केला: घशातून केलेल्या इकोत झडपा स्वच्छ, रक्ताचे तीन कल्चर निरंक. ताप पाचव्या दिवशी उतरला आणि श्रेय अँटिबायोटिकला मिळालं.

हातपायाची ताकद भराभर परतत होती. स्ट्रोकच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याचे गुण तीनच होते. पापणी पडणं आणि दोन-दोन दिसणं या मोजपट्टीत जवळपास मोजलंच जात नाही. सौम्य स्ट्रोकला देतात तसं ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र, 21 दिवसांसाठी लिहून दिलं. सहाव्या दिवशी तो घरी गेला. डोळ्यावर पट्टी, हातात हृदयविभागाची तारीख.

अकरावा दिवस

अकराव्या दिवशी तो परत आला. डोकं प्रचंड दुखत होतं, डावा हात जड झाला होता. सीटीमध्ये उजव्या बेसल गँग्लियात दोन सेंटिमीटरचा रक्तस्राव. रक्तदाब 160/100.

गोळ्यांमुळे झाला का? सांगता येत नाही. ज्या रक्तवाहिनीतून रक्त आलं तिची भिंत आधीच दुबळी होती हे पुढे स्पष्ट झालं, आणि तिथे सूक्ष्म रक्तस्रावाची खूण पहिल्याच एमआरआयमध्ये होती. पण रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या मी लिहिल्या होत्या, आणि पाचवी ओळ माझ्यासमोर होती. दोन्ही गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या.

पाय धुवायला घेतलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, याच्या पायांवर हे काय आहे?" पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर जांभळट जाळी उमटलेली होती. पहिल्या खेपेला तो सतत पांघरुणात होता, ताप होता, आणि मेंदूविकारवाले आम्ही पांघरूण वर करतो ते तळव्याला किल्ली घासून प्रतिक्षेप बघायला. घोट्याच्या वर आमची नजर गेली नव्हती.

थंडीत कुणाच्याही कातडीवर अशी जाळी दिसू शकते. ती निरुपद्रवी जाळी अखंड वेटोळ्यांची असते आणि ऊब मिळाली की विरते. ही तशी नव्हती. वेटोळी तुटकी, फांद्या फुटल्यासारखी, एकीकडे गडद तर दुसरीकडे फिकी. अर्धा तास गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून पाहिलं, जाळी जागची हलली नाही. याचा अर्थ असा की कातडीखालच्या मध्यम आणि बारीक रोहिण्यांमध्ये रक्त खरोखरच अडत होतं.

आता कोड्याचं रूप बदललं. एकाच तरुणात खोल भागातल्या बारीक पोकळ्या, ताजा अडथळा, रक्तस्राव, ताप, आणि कातडीवर तुटकी जाळी. मोठ्या रक्तवाहिन्या मात्र नितळ.

पिशवीतली फाइल

त्या संध्याकाळी मी आईसमोर खुर्ची ओढून बसलो. पहिल्या खेपेला "आधी काही आजार होता का?" असं विचारलं होतं आणि "नाही" असं उत्तर घेऊन पुढे गेलो होतो. या वेळी वर्षं धरून विचारलं. पहिल्या वर्षी काय झालं, दुसऱ्या वर्षी काय झालं.

"ताप यायचा डॉक्टर, पण मुलांना येतोच ना," त्या म्हणाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी आठवडाभर ताप, दर वेळी औषध, दर वेळी बरा. सहाव्या वर्षी डोळा तिरळा झाला होता, दोन-एक आठवड्यांत आपोआप सरळ झाला. व्हायरल असेल म्हणाले. तेराव्या वर्षी पायांवर गाठी आणि जखमा. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनी फाइल आणली, कोपरे कुरतडलेले. त्यात त्या जखमेच्या बायोप्सीचा कागद होता: मध्यम आकाराच्या रोहिणीच्या भिंतीचा दाह, पॉलिआर्टरायटिस नोडोसाशी जुळणारा. वर्षभर स्टेरॉइड दिली होती. जखमा भरल्या, औषध थांबलं, डॉक्टर बदलले आणि निदान मागे राहिलं. आईच्या मते तो "कातडीचा आजार" होता. मेंदूच्या डॉक्टरला तो सांगण्याचं काय कारण?

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "आधी काही आजार?" या प्रश्नाला माणूस आपल्या मते संबंधित असेल तेवढंच सांगतो. सहा वर्षांच्या मुलाचा आपोआप बरा झालेला तिरळेपणा संबंधित आहे हे त्याला कसं कळावं? तो बहुधा त्याचा पहिला स्ट्रोक होता. पॉन्समधली ती पोकळी डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेच्या मुळाशीच बसलेली आहे.

मग यादी नव्याने मांडली. जाळी आणि स्ट्रोक एकत्र म्हणजे स्नेडन सिंड्रोम, हे प्रत्येक मेंदूविकारतज्ज्ञाच्या तोंडावर असतं. पण स्नेडन हे वर्णन आहे, कारण नव्हे. आणि त्याच्या जोडीला शोधायच्या, रक्त गोठायला लावणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी निगेटिव्ह होत्या. (पॉझिटिव्ह आल्या असत्या तरी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी लागते.) फॅब्रीच्या आजारात तरुण पुरुषाला स्ट्रोक होतो, पण तळहात-तळपाय लहानपणापासून जळजळतात, घाम कमी येतो. त्याचं एन्झाइम तपासलं, ठीक होतं. कॅडासिलमध्ये नॉच-3 जनुकाचा दोष असतो. तो आजार पांढऱ्या द्रव्यात पसरट ढग उमटवतो, घराण्यात पिढ्यानुपिढ्या दिसतो, आणि ताप आणत नाही. अडथळा आणि रक्तस्राव दोन्ही घडवणारा कोलॅजनचा एक जनुकीय दोषही मनात आला. पण त्यातही सीआरपी 64 होत नाही.

सीआरपी हा धागा मला सोडायचा नव्हता. जनुकीय सूक्ष्मवाहिनी आजारांमध्ये शरीर पेटलेलं नसतं. इथे ते पेटलेलं होतं.

मोयामोयासाठी आणि लपलेल्या फुगवट्यांसाठी कॅथेटर अँजिओग्राफी केली. मोयामोया या जपानी शब्दाचा अर्थ धुराचा झोत. कवटीतली मुख्य रोहिणी आखडत गेली की तिच्याभोवती बारीक वाहिन्यांचं तसं धूसर जाळं दिसतं. इथे धूर नव्हता. मेंदूतल्या सगळ्या वाहिन्या निर्दोष दिसल्या, आणि दिसणारच होत्या, कारण थॅलॅमस-मिडब्रेनला रक्त पुरवणाऱ्या फांद्या मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्या जाड असतात. त्या फांदीच्या भिंतीत काय चाललंय हे अँजिओग्राफी दाखवत नाही. कॅथेटर आत होतंच म्हणून मूत्रपिंडाच्या रोहिण्याही पाहून घेतल्या. तिथे मात्र मण्यांसारखे बारीक फुगवटे सापडले. रक्तदाब का चढलेला, तेही कळलं.

पाठीच्या पाण्यात सहा पेशी, प्रथिनं किंचित जास्त. म्हणजे मेंदूपुरता मर्यादित दाह असता तर जितकं बिघडायला हवं तितकं बिघडलं नव्हतं. मेंदूची बायोप्सी हा विषय निघाला आणि लगेच मिटला. देठातला तुकडा कोण काढणार?

एक प्रश्न

निदान लिहिलं: पॉलिआर्टरायटिस नोडोसा, मेंदू व मूत्रपिंड बाधित. स्टेरॉइडची मोठी मात्रा सुरू झाली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोफॉस्फामाइडचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी सकाळचा लिहिला होता. हे निदान तसं चुकीचंही नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली तेच दिसत होतं.

मुलांच्या संधिवातावर काम करणाऱ्या एका सहकारी डॉक्टरबाईंना मी फोनवर सगळं सांगितलं, तेराव्या वर्षीच्या बायोप्सीबद्दल त्यांचं मत हवं होतं म्हणून. त्यांनी बायोप्सीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: "आयजीएम किती आहे? आणि भावंडांमध्ये कोणी फिकं, सारखं आजारी पडणारं आहे का?"

आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीचा एक प्रकार, पाहिलं नव्हतं. पाहिलं तर 22 निघालं. किमान 40 हवं. आणि धाकटी बहीण होती, 15 वर्षांची. तिचं हिमोग्लोबिन सातच्या वर टिकत नव्हतं. तीन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या. आई-वडील एकमेकांच्या लांबच्या नात्यातले.

"मग सायक्लोफॉस्फामाइड थांबवा आणि एडीए-2 पाठवा," त्या म्हणाल्या.

एडीए म्हटलं की डॉक्टरांना क्षयरोग आठवतो. छातीतल्या पाण्यात ॲडेनोसिन डिअमिनेज वाढलं की क्षयाचा संशय बळावतो. या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत, आणि तिथे वाढणारा मुख्यतः दोन नंबरचाच. इथे प्रश्न उलटा होता: ते मुळात आहे तरी का? हे एन्झाइम मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पेशी बनवून रक्तात सोडतात. ते नसलं की मॅक्रोफेज पेशी दाह वाढवण्याकडे झुकतात, टीएनएफ नावाचं रसायन भरपूर सुटतं, आणि बारीक-मध्यम रोहिण्यांचं अस्तर झिजत जातं. कुठे वाहिनी बुजते, कुठे फुगते, कुठे फुटते. अस्थिमज्जा आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीही बिघडतात. त्यामुळे एकाच घरात एकाला स्ट्रोक, दुसऱ्याला रक्तक्षय, तिसऱ्याला वारंवार जंतुसंसर्ग असं होऊ शकतं, दोष तोच असूनही. हा आजार वैद्यकाला कळला 2014 साली. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एकाच वेळी त्याचं वर्णन केलं: एकाकडे ताप आणि स्ट्रोक असलेली मुलं होती, दुसऱ्याकडे पॉलिआर्टरायटिसची कुटुंबं. दोघं 22 व्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकापाशी पोहोचले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डाडा-2 म्हणतात. आमच्या रुग्णाची बायोप्सी झाली तोवर हे नाव छापून आलेलं होतं, पण मेंदूविकाराच्या वॉर्डापर्यंत ते पोहोचायला वेळ लागला. माझ्यापर्यंत तर नक्कीच.

आणि त्या कुरतडलेल्या फाइलमध्ये आणखी एक कागद होता. पंधराव्या वर्षी लांबलेल्या तापात क्षयाचा संशय आला म्हणून कुणीतरी रक्तातलं एकूण एडीए तपासलं होतं. आकडा 2. शेजारी छापलेलं: "30 पेक्षा कमी: सामान्य." निरोगी माणसाच्या रक्तातल्या एडीएचा मोठा हिस्सा दोन नंबरचा असतो, त्यामुळे एवढा कमी आकडा बोलका आहे. पण ज्या तपासणीत सगळे वरची मर्यादा पाहतात तिथे खालची कोण पाहणार? एकट्या त्या आकड्यावर निदान होत नाही, हेही खरं. तरी तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

एन्झाइमची नेमकी तपासणी नऊ दिवसांनी आली. मुलाची पातळी जवळजवळ शून्य. धाकट्या बहिणीचीही. आई-वडिलांची निम्मी, मोठ्या बहिणीची निम्मी. अप्रभावी आनुवंशिकतेचं (आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार) पाठ्यपुस्तकातलं चित्र. जनुकाचा अहवाल आणखी महिन्याने आला: दोन्ही प्रतींमध्ये 47 व्या जागी ग्लायसिनऐवजी अर्जिनिन. हा बदल 2014 च्या वर्णनांमध्येही होता. क्रम महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, आधी एन्झाइम आणि मग जनुक. स्ट्रोकच्या काही जनुक-पॅनेलमध्ये हे जनुक नसतंच, आणि जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर साध्या वाचनात तो सुटतो. शून्य एन्झाइमला अशा पळवाटा नाहीत.

उपचार उलटा

नेहमीच्या स्ट्रोकमध्ये आपण जे करतो त्यातलं बरंचसं इथे बदललं. ॲस्पिरिन नाही, क्लोपिडोग्रेल नाही, रक्त पातळ करणारं काहीच नाही. या आजारात रक्तस्राव होतो म्हणून ती औषधं टाळावीत असं जाणकारांचं मत आहे. हृदयातलं भोक तसंच राहू दिलं. हृदयविभागाला तारीख रद्द करायला सांगताना मला जरा ओशाळं वाटलं.

सायक्लोफॉस्फामाइड नाही, कारण नेहमीच्या प्रतिकारदमनाने या आजारातले स्ट्रोक भरवशाने थांबत नाहीत. स्टेरॉइडने ताप आणि सीआरपी उतरतात, पण डोस कमी केला की परत चढतात. त्याच्या तेराव्या वर्षी नेमकं हेच झालं असणार. चालतं ते टीएनएफ अडवणारं औषध. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मालिकेत 15 रुग्णांना हे औषध सुरू होण्याआधी मिळून 55 स्ट्रोक झाले होते. सुरू झाल्यावर, त्या पाठपुराव्याच्या काळात, एकही नाही. दुर्मीळ आजारांत इतका लखलखीत फरक क्वचित पाहायला मिळतो.

मेंदूविकारवाल्यांना या औषधांची एक जुनी धास्ती आहे: त्यांनी नसांवरचं आवरण झिजणारे आजार बळावतात. म्हणून मी एमआरआय पुन्हा एकदा त्या नजरेने पाहिला. दुसरी धास्ती क्षयाची, सुप्त क्षय या औषधांनी जागा होतो. छातीचा एक्स-रे, सुप्त क्षयासाठी रक्तातली इग्रा चाचणी, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, सगळं निगेटिव्ह आल्यावर विसाव्या दिवशी टीएनएफ अडवणारं एटानरसेप्ट सुरू केलं, आठवड्याला 50 मिलिग्रॅम कातडीखाली. ताप पुन्हा आला नाही. तीन आठवड्यांत सीआरपी 3. स्टेरॉइड चार महिन्यांत उतरवत नेऊन बंद. रक्तदाबाची एक गोळी राहिली.

धाकट्या बहिणीचं प्रकरण वेगळं आणि खरं तर अधिक अवघड. तिच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशीच दिसेनात. रक्तवाहिन्यांच्या दाहावर चालणारं औषध अशा मज्जाबिघाडावर फारसं चालत नाही. तिथे मज्जा बदलण्याचा विचार करावा लागतो. आणि दाता म्हणून भावंडं तपासताना नुसतं ऊतक जुळणं पुरत नाही, एन्झाइमही पाहावं लागतं. भाऊ आपसूक बाद. मोठी बहीण वाहक आहे. तिचं चालेल का यावर रक्तविकारतज्ज्ञांची चर्चा अजून चालू आहे. मेंदूचा एमआरआय धाकटीचाही केला. एकही ठिपका नाही. तरीही इंजेक्शन तिलाही सुरू केलं, कारण पहिला ठिपका कधी पडेल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता.

आई-वडिलांना वाहक असणं समजावून सांगताना वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते: "म्हणजे आमच्यामुळे झालं?" प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता, हे गणित त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तो प्रश्न गणिताचा नव्हता. मी त्यांना सांगितलं की असे एक-दोन मुके दोष प्रत्येक माणूस बाळगून असतो, मीही. त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीला त्यांनी आपल्या भावाच्या मुलांना आणलं, तपासायला.

माझ्या कामात काय बदललं? तरुण रुग्णाच्या एमआरआयमध्ये रक्तदाब-मधुमेहाशिवाय जुनी पोकळी दिसली की मी आता तिथेच थांबतो आणि मोठ्या वाहिन्यांचा "सामान्य" रिपोर्ट मला धीर देत नाही. तापाची वर्षं विचारतो. भावंडांची नावं एकेक घेऊन विचारतो. पांघरूण कमरेपर्यंत काढायला लावतो. पण हृदयात भोक सापडलेल्या प्रत्येक तरुणाचं एडीए-2 तपासावं असं मात्र मी म्हणणार नाही. तसं केलं तर शंभर ठिकाणी पैसे आणि आठवडे वाया जातील. खोल भागातले बारीक स्ट्रोक, वाढलेलं सीआरपी आणि कातडी, मज्जा किंवा प्रतिकारशक्ती यांतलं काहीतरी बिघडलेलं, एवढं एकत्र आलं की मात्र ती नळी त्याच दिवशी पाठवायची.

आता दोन वर्षं झाली. पापणी पूर्ण उघडते. वर बघताना अजून दोन-दोन दिसतं, त्यासाठी चष्म्यात प्रिझम आहे. डाव्या हाताची बोटं जरा मंद, पण तो टाइप करतो. एमआरआयमध्ये नवीन काही नाही. मधे एकदा औषध मिळण्यात खंड पडला, तीन आठवडे इंजेक्शन चुकलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने पोटऱ्यांचा फोटो पाठवला. जाळी परतली होती, अंगात कसकस होती. चार दिवसांत औषधाची सोय झाली, आणि त्या चार दिवसांत मी किती वेळा फोन पाहिला ते सांगत नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा फोटो येतो, न मागता. मजकूर नसतो, नुसते पाय. गेल्या महिन्यातल्या फोटोत मी नेहमीप्रमाणे मोठं करून पाहिलं. घोट्याच्या वर एक आडवी रेघ होती. मोज्याचा वळ.